बोंडअळीचा भाव

पहाटे ५:४५

नोव्हेंबर संपत आला की मारेगावात पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. चहा उकळेपर्यंत फोनवर रात्रीची विक्री पाहून घेतो. त्यातही एक पथ्य पाळतो. कोणता फोटो गेला तेवढंच बघायचं, कितीला गेला ते दुकानात बसल्यावर. पैशाचा आकडा सकाळीच डोळ्यांपुढे आला की वावरात गेल्यावर फोटो सुचत नाही, हिशेब सुचतो.

रात्रीतून तीन गेले. चिरलेल्या हिरव्या बोंडात दिसणारी गुलाबी अळी, पांढऱ्यावर ठेवलेली तुरीच्या डाळीची लहानशी ढिगली आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभा असलेला पतंग पकडायचा कामगंध सापळा. टिपेश्वरच्या अभयारण्यात उन्हाळाभर फिरून मिळवलेली वाघीण आजही न विकता पडून आहे. ती जाणारही नाही. वाघांचे फोटो जगात उदंड आहेत आणि ते काढणाऱ्यांच्या लेन्सची किंमत माझ्या घराच्या बांधकामाएवढी असते. बोंडअळीचा नीट फोटो मात्र बोंडअळीच्या गावात राहणाऱ्यालाच मिळतो. त्या बाबतीत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नशीब जोरावर आहे.

धंदा थोडक्यात सांगतो. करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वाढदिवस, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स यांवर घर चालतं. जोडीला स्टॉक फोटो. म्हणजे कोणी सांगितलेला नसताना काढून ठेवलेला फोटो. तो शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी अशा साईटवर पडून राहतो. ज्याला लागेल तो पैसे भरून वापरण्याची परवानगी घेतो. फोटो माझाच राहतो आणि तोच पुन्हा दुसऱ्यालाही जातो. कोणाला गेला ते सहसा कळत नाही. कळतं ते इतकंच, की गेला. या एवढ्याशा माहितीवरून पुढे काय काढायचं ते ठरवणं, हे या धंद्यातलं अर्ध्याहून जास्त काम आहे.

सकाळी ६:१५

ओळखीच्या काकाजींचं वावर. पऱ्हाटीवर दव आहे, म्हणून वेचणाऱ्या बाया अजून आलेल्या नाहीत. ओला कापूस वेचला तर प्रत उतरते. त्यामुळे हा तासभर वावर माझ्या एकट्याच्या ताब्यात असतो.

काळ्या मातीवर पांढरा कापूस ही कॅमेऱ्याची कसोटीच आहे. कॅमेरा मातीला भुलतो, उजेड वाढवतो आणि बोंडातल्या कापसाचे धागे जळून सपाट पांढरे होतात. म्हणून उजेड थोडा कमीच ठेवतो. माती दुकानात बसून उचलता येते, जळलेला कापूस परत येत नाही.

फुटलेलं एक चांगलं बोंड निवडून ते चौकटीच्या उजव्या कडेला घेतो. डावीकडचा दोनतृतीयांश भाग मोकळा सोडतो. तिथे धूसर हिरवं, वर थोडं आभाळ. लग्नाच्या अल्बमसाठी असा फोटो काढला तर नवरदेवाचा बाप विचारेल, एवढी जागा वाया कशाला घातली? इथे पैसे त्या वाया घातलेल्या जागेचेच मिळतात. फोटो घेणाऱ्याला तिथे आपलं काहीतरी लिहायचं असतं. बियाण्याचं नाव, बँकेची कर्जयोजना, सुती चादरींचा सेल, नाहीतर पाठ्यपुस्तकातला धडा.

चार्ल्स ओ'रिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याकडेच्या एका हिरव्या टेकडीचा फोटो काढला. मायक्रोसॉफ्टने तो एका स्टॉक संस्थेकडून घेतला आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या पडद्यावर लावला. मारेगावच्या तहसील कार्यालयापासून सायबर कॅफेपर्यंत सगळ्यांनी ती टेकडी वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्यात माणूस नाही, घर नाही, झाडही नाही. वर चिन्हं मांडायला जागाच जागा. मला तो फोटो फार सुंदर कधी वाटला नाही, पण त्याच्याइतका कामाचा फोटो दुसरा सांगता येणार नाही.

आडवा काढला की त्याच बोंडाचा उभाही काढतो. उभ्याची मागणी मोबाइलमुळे वाढली आहे. जवळून, लांबून, फक्त पान, फक्त माती. त्यानंतर थांबायचं. एकाच बोंडाची वीस रूपं चढवली तर ती एकमेकांचंच गिऱ्हाईक खातात. जे फोटो मिळून वर जायचे ते वाटले जाऊन सगळेच खाली राहतात.

सकाळी ९:००

बाया आल्या. कमरेला ओटी बांधून ओळी धरल्या. मजुरी किलोवर, त्यामुळे फोटोसाठी थांबा म्हणणं म्हणजे त्यांच्या पैशात हात घालणं. ज्यांना थांबवतो त्यांना त्या वेळाचे पैसे आधी देतो. बाकीच्यांचे हात तेवढे घेतो.

चेहरा ओळखू येत असेल तर परवानगीचा कागद लागतो. त्यावर फोटोतल्या माणसाची सही, माझी सही आणि साक्षीदाराची सही. कागद नसेल तर तो फोटो फक्त बातमी-लेखासाठी जातो, जाहिरातीला चालत नाही. कागद इंग्रजीत असतो. मी तो वऱ्हाडीत समजावून सांगतो, आणि ते सोपं नाही.

"भाऊ, माहा फोटू कुठी जाईन?"

"मावशी, ते मलेबी नाई समजत. कोणीबी घेऊ शकते."

"औषधाच्या डब्यावर नोको जाऊ देजो बावा. तेवढं सांगून ठेव त्याईले."

सांगून ठेवण्याची सोय नसते. कोणाची बदनामी होईल असा वापर परवान्यात मना आहे, पण कीटकनाशकाच्या जाहिरातीत बदनामी काय, असं कंपनी विचारेल. मावशींच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या डब्यावर आपलं तोंड कोणाला हवं असेल? मी कागद परत पिशवीत ठेवतो आणि त्यांचे हात काढतो. बोटांच्या चिमटीत कापूस, हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंतच चौकट. हातावर गोंदण असेल तर तेही चौकटीबाहेर ठेवतो, कारण गोंदणावरून माणूस ओळखू येतो आणि मग साईटवरचे तपासणारे पुन्हा कागद मागतात.

माझ्या वहीप्रमाणे हात चेहऱ्यापेक्षा जास्त खपतात. चेहरा आला की फोटो एका बाईचा होतो, तिचं वय येतं, गाव येतं. हात कोणत्याही जाहिरातीत बसतात. हे मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं हाय मंग, तोंड नाई तं भांडन नाई."

सकाळी ११:००

दुकान. दोन पासपोर्ट फोटो, एक जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, एका पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज. पासपोर्ट फोटोसाठी लावलेला पांढरा पडदा गिऱ्हाईक गेलं की माझ्या कामाला येतो. टेबलावर पांढरा कागद वाकवून घातला, दोन बाजूंनी दिवे दिले आणि त्यावर सरकी, तुरीच्या शेंगा, सोयाबीनचे दाणे, ज्वारीचं कणीस मांडलं. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असली की घेणाऱ्याला वस्तू कापून कुठेही चिकटवता येते. असे फोटो दिसायला कोरडे असतात आणि वर्षानुवर्षं थोडेथोडे जात राहतात. डाळीच्या ढिगलीने माझ्या आजवरच्या सगळ्या सूर्यास्तांना मिळून मागे टाकलं आहे.

दुपारी १२:००

आता वही. वही म्हणजे एक्सेलची पाटी, पण घरात सगळे तिला वहीच म्हणतात.

नवीन माणूस या धंद्यात आला की विकले गेलेले फोटो वरून खाली लावतो आणि वरच्या दहासारखे आणखी काढायला धावतो. ती यादी फसवी असते. यादीत जुने फोटो वर असतात, कारण त्यांना वेळ जास्त मिळालेला असतो. पाच वर्षांपूर्वीचं बोंड आणि गेल्या पोळ्याचा बैल यांची एकूण विक्री शेजारी ठेवणं म्हणजे शेंबड्या पोराला गड्याशी कुस्ती लावणं. म्हणून मी दर फोटोची पहिल्या वर्षाची विक्री वेगळी काढतो. पहिलं वर्ष पहिल्या वर्षाशी, दुसरं दुसऱ्याशी. असं लावलं की यादीची उलथापालथ होते. बरेच जुने मानकरी खाली येतात आणि कोपऱ्यातला कामगंध सापळा वर सरकतो.

पैशावरून लावावं तर तेही फसवं. शटरस्टॉकने १ जून २०२० पासून फोटोग्राफरचा वाटा पायऱ्यांवर नेला. वर्षाच्या पहिल्या १०० फोटोंना १५ टक्के, पुढे विक्री वाढेल तसा वाढत ४० टक्क्यांपर्यंत. १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर येतात. म्हणजे तेच बोंड, तोच परवाना, तरी जानेवारीत १० सेंट आणि डिसेंबरात त्याहून बरे. रुपये पाहिले तर वाटेल की जानेवारीत कापसाचा बाजार पडला. पडलेला असतो तो माझा वाटा. अडोबीवर फोटोचा वाटा ३३ टक्के असा सरळ आहे, तिथे महिन्यामहिन्यांची तुलना सोपी जाते. म्हणून काय चालतं हे ठरवायला मी नग मोजतो, आणि घरखर्चाचं ठरवायला डॉलर. एकाच रकान्यावर दोन्ही कामं टाकली की गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट एखाद्या मोठ्या विक्रीची. कधीतरी एखादा फोटो छापील वस्तूंसाठीच्या वाढीव परवान्यावर जातो आणि एका फटक्यात महिन्याची कमाई देतो. मग फोटोग्राफर तसेच फोटो काढत सुटतो. माझ्या हिशेबात असल्या विक्रीला वेगळा रंग दिलेला असतो आणि ती बेरजेत धरत नाही. एकाने एकदा मोठे पैसे दिले यावरून मागणी कळत नाही. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या देशांतून, तोच फोटो लहान लहान दामांना गेला तर मात्र कान टवकारायचे.

खरं शहाणपण मला विषयांच्या रकान्यात मिळालंच नाही. फोटो वहीत नोंदवताना त्यापुढे मी आणखी चार खुणा करतो. माणूस आहे का, मोकळी जागा कोणत्या बाजूला, रंगांत कोणता वरचढ, आणि फोटोत काही घडतंय का. पुढे या खुणांवरून चाळणी लावली की गंमत दिसते. "कापूस" हा विषय चालतो असं म्हणून हाती काही लागत नाही. कापसाच्या फोटोंत ज्यात काहीतरी बिघडलंय ते जास्त चालतात. लाल पडलेलं पान, चिरलेलं बोंड, डोमकळी म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, पावसाने भिजून काळवंडलेला कापूस. फोटो शोधणारा सौंदर्य शोधायला बसलेला नसतो. त्याला एक अडचण समजावून सांगायची असते, आणि कृषी खात्याची पत्रिका असो, औषध कंपनीचं माहितीपत्रक असो की अमेरिकेतल्या कीटकशास्त्राच्या मास्तरांचा धडा, अडचण दाखवल्याशिवाय उपाय सांगता येत नाही.

बीटी कापूस २००२ मध्ये देशात आला तेव्हा बोंडअळीचा विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढे २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. गुलाबी अळी त्यालाही पचवून बसली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने हाहाकार केला. ज्या अळीने काकाजींच्या वावराचं नुकसान केलं तिनेच माझ्या वहीत एक रांग भरली, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले होते. म्हणाले, "आमचं खाल्लं तिनं, तुले तरी पोसलं."

दुपारी १:३०

भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. बायको ताटावर फोन आणू देत नाही. बर्लिनमध्ये आता सकाळचे नऊ वाजलेत आणि तिथली कार्यालयं उघडतायत, हे मला माहीत असतं. तेही तिला सांगितलेलं आवडत नाही.

दुपारी २:३०

शब्द भरण्याचं काम. सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच हरवतो. फोटो कितीही चांगला असो, तो शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दात सापडला नाही तर नसल्यासारखाच. शटरस्टॉक ५० शब्द घेतं, अडोबी ४९, आणि अडोबी पहिल्या दहांना जास्त वजन देतं. म्हणून तिथे क्रम लावावा लागतो.

माझा नियम असा की पिकाचं आणि किडीचं शास्त्रीय नाव आधी. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, गॉसिपियम हिर्सुटम, तुरीसाठी कॅजनस कॅजन. हे टाइप करणारं गिऱ्हाईक कमी, पण जे करतं ते विकत घ्यायलाच आलेलं असतं. "शेत", "निसर्ग", "हिरवळ" टाकून येणारे पाहून निघून जातात. शटरस्टॉक विकल्या गेलेल्या फोटोपुढे कोणते शब्द टाकून गिऱ्हाईक आलं तेही दाखवतं. ते मी दर महिन्याला उतरवून घेतो आणि त्याच जातीच्या नव्या फोटोंत ते शब्द पुढे आणतो. या एका सवयीने जितका फरक पडला तितका नव्या लेन्सने पडला नाही.

खोटे शब्द घालू नयेत. बोंडाच्या फोटोला "दिवाळी" लावलं तर तो दिवाळीच्या शोधात दिसेल, कोणी दाबणार नाही, आणि लोक पाहून सोडून देतात ही गोष्ट साईटच्या क्रमवारीला कळते असं आम्ही सगळेच धरून चालतो.

मध्येच एक लग्नाची चौकशी आली. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू. तारीख लिहून घेतली, विसार घेतला, ड्रोनचे वेगळे पैसे सांगितले. खरं सांगायचं तर त्या एका विसाराएवढे डॉलर जमवायला बोंडअळीला बरेच आठवडे कष्टावं लागतं. तरी लग्नाचा फोटो एकदाच विकला जातो, तोही उधारीवर.

दुपारी ४:००

चौकातली चहाची टपरी. निवृत्त गुरुजी रोज या वेळेला येतात. त्यांना माझ्या धंद्याचं कौतुक आहे आणि संशयही आहे. आज त्यांनी विचारलं, "पण काऊन रे, असं दुकान काढायची आयडिया पयले कोनाले सुचली?"

म्हटलं, गुरुजी, आपल्याकडे मुंबईत जगदीश अग्रवालांनी १९८७ मध्ये दिनोदिया सुरू केली. तेव्हा पारदर्शिकांचा, म्हणजे फिल्मच्या स्लाइडांचा जमाना. जाहिरातवाल्याला हवा तो फोटो कपाटातून शोधून द्यायचा, म्हणजे कुठे काय ठेवलंय हे माहीत असणारा माणूसच मोठा. दिल्लीत संदीप माहेश्वरींनी २००६ मध्ये इमेजेसबाजार काढलं, कारण भारतीय चेहऱ्यांचे नीट फोटो जाहिरातींना मिळत नव्हते. आणि न्यूयॉर्कचा जॉन ओरिंगर म्हणजे मूळ संगणकवाला. त्याने स्वतःच काढलेले ३०,००० फोटो टाकून २००३ मध्ये शटरस्टॉक उघडलं आणि महिन्याची वर्गणी लावली. त्या वर्गणीनेच एका फोटोचा भाव सेंटांवर आला.

"म्हंजे थोकात स्वस्त," गुरुजी म्हणाले. "कापसासारखंच." मग जरा थांबून, "तुया फोटोत कोनी रडत नाई काऊन? पेपरात तं आपल्या जिल्ह्याचा शेतकरी डोक्याले हात लावूनच बसेल असते."

हा प्रश्न मला वहीनेही अनेकदा विचारला आहे. शोधाच्या शब्दांत "भारतीय शेतकरी" याच्या मागोमाग "दुःखी", "दुष्काळ", "कर्ज" येतातच. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो, त्याआधीच्या पंधरवड्यात शेतकऱ्याच्या फोटोंची मागणी चढते आणि त्यात उदास चेहरा वर असतो. कोरड्या नाल्याच्या काठी धोतरातला एक म्हातारा बसवायचा, मान खाली, हात कपाळाला. अर्ध्या तासाचं काम. कागदावर सहीही मिळेल. इथे पैशाची गरज कोणाला नाही?

मी तो काढत नाही. वहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, "काढायचं नाही" असा, आणि तो काही फार मोठ्या तत्त्वाने भरलेला नाही. ज्या गावात तसे खरे चेहरे मी लग्नाच्या अल्बममधून ओळखतो, ज्यांचे फोटो पुढे हार घालण्यासाठी मोठे करून दिले, त्या गावात दुसऱ्याला बसवून ते दुःख वठवून घेणं मला जमत नाही. दुसरा कोणी काढत असेल तर त्याला मी वाईट म्हणणार नाही. बातमीदाराने खरं घडलेलं टिपणं तर वेगळंच काम, ते व्हायलाच हवं. पण जो फोटो उद्या कर्जवसुलीच्या ॲपवर लागू शकतो त्यासाठी काकाजींना कपाळाला हात लावायला सांगणं, छे.

फवारणीचा फोटो मात्र काढतो, आणि तिथे वेगळीच पंचाईत होते. कंपन्यांना, खात्यांना, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांना मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला माणूस लागतो. तसा फोटो जातोही चांगला. म्हणून मी एक संच विकत घेऊन ठेवला आहे. उन्हाच्या वेळी तो घालून पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस घामाने निथळतो. "फोटूपुरतं घालतो भाऊ, मंग काढतो," असं फवारणारा आधीच सांगून टाकतो. गेल्या हंगामात एकाने संच परत केला, चष्मा ठेवून घेतला. मला बरं वाटलं. नंतर दिसला तेव्हा तो चष्मा लावून मोटरसायकल चालवत होता, वणी रोडच्या कोळशाच्या ट्रकांची धूळ चुकवायला.

संध्याकाळी ५:००

ऊन उतरलं. गावाबाहेर जाऊन कापसाने भरलेल्या गाड्यांचे दोन-तीन फोटो. एका गाडीवर नंबर स्पष्ट दिसतो, दुसरीवर ट्रॅक्टर कंपनीचं नाव. दोन्ही पुसावी लागतील, नाहीतर जाहिरातीसाठी घेत नाहीत. सूर्यास्त काढला नाही.

संध्याकाळी ७:३०

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. इथून पुढे चार तास विक्रीचे, शनिवार-रविवार सोडून. याच वेळी मी नवे फोटो चढवायला लावतो. आज वीज आहे, नेट चालू आहे, तक्रार नाही.

चढवायचा हंगाम आणि काढायचा हंगाम यांत मोठं अंतर असतं. दिवाळीच्या पणत्या जाहिरातवाले ऑगस्ट-सप्टेंबरात घेऊन मोकळे होतात. दिवाळीच्या दिवशी काढलेली पणती म्हणूनच पुढच्या वर्षाची. पोळ्याचे बैल आणि तान्ह्या पोळ्याची लाकडी नंदीवाली पोरं मी पुढच्या जुलैसाठी राखून ठेवतो, आणि पेरणीचे फोटो एप्रिलमध्येच वर असावे लागतात. वहीत म्हणून प्रत्येक विषयापुढे "पहिली विक्री कोणत्या महिन्यात" असा रकाना आहे. त्यावरून कामाची तारीख मागे मोजत येतो.

अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरून भारतीय असल्याचं सांगितलं की करारानुसार १५ टक्के, नाहीतर ३०. एवढ्यावर काही जण हा धंदा सोडतात. फॉर्म दहा मिनिटांचा आहे.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची. डिसेंबर २०२२ पासून अडोबी स्टॉक यंत्राने, म्हणजे एआयने, बनवलेली चित्रंही घेतं. शटरस्टॉक फोटोग्राफरांकडून तसली घेत नाही. पण तिथल्या संग्रहावर यंत्रं शिकवली गेली आहेत, आणि त्याचा थोडा वाटा अधूनमधून आमच्या खात्यात पडतो. जानेवारी २०२५ मध्ये गेटी इमेजेस आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून भावाचं काय होणार यावर आमच्या लोकांत चर्चा चालूच आहे. माझ्या वहीपुरतं सांगायचं तर सूर्यास्त, हिरवी शेतं, हसरा शेतकरी हे आधीच मंद होते, ते आणखी मंदावले. यंत्र ते फुकटात बनवतं, आणि माझ्यापेक्षा देखणं. मी गंमत म्हणून यंत्राने केलेला कापूस पाहत असतो. बोंड सुरेख, पण खालचं पान भलत्याच झाडाचं, आणि वेचणारी बाई पैठणी नेसून आलेली. चादरीच्या जाहिरातीला ते चालून जाईल. कीडनियंत्रणाच्या पत्रिकेला चालणार नाही, कारण तिथे अळीच्या अंगावरचा गुलाबी पट्टा जागच्या जागी लागतो. त्या वर्गातले माझे फोटो अजून हललेले नाहीत. किती दिवस टिकतील ते पुढच्या वर्षीच्या रकान्यात कळेल, म्हणून यंदा यंत्राला जमणारे आणि न जमणारे अशी आणखी एक खूण वाढवली.

रात्री ९:३०

उद्याची यादी. सरकीवेगळा केलेला कापूस, जवळून. तुरीचं फूल, शेंग, शेंग पोखरणारी अळी. अळी सोडली तर बाकी सगळं हातचं आहे. अळी कधी हवी तेव्हा सापडत नाही, आणि सापडली की शेतकरी माझ्यासाठी थांबत नाही, थांबूही नये.

जेवण झाल्यावर काकाजींचा फोन आला. तुरीत अळी दिसली म्हणाले, बरीच आहे.

"उद्या आठले फवारा धरतो. तुले फोटू काढाचे असन तं त्याच्या आंधी ये. नाई तं मेलेल्याइचे काढजो."

मेलेल्या अळीलाही गिऱ्हाईक आहे, हे त्यांना सांगितलं. फवारणीनंतरचा आणि आधीचा असे दोन्ही शेजारी लागतात, औषध कंपन्यांना जोडीच हवी असते. काकाजी म्हणाले, मग सहालाही ये आणि दहालाही ये, आणि येताना दोन हातमोजे घेऊन ये.

यादीत हातमोजे लिहिले.